चौथं बोट पुन्हा पुन्हा अडकतं? ताकद वाढवण्याआधी हे तपासा

पियानोवर संथ लयीत स्केल (ओळीने चढणारे-उतरणारे स्वर) छान वाजते. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, जरा पुढे सरकवला की ३, ४, ५ ही बोटं एकमेकांत गुंतल्यासारखी होतात. चौथ्या बोटाचा स्वर उशिरा येतो, कधी नुसताच पुसट येतो. करंगळी हवेत ताठ उभी राहते आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात लाकडासारखा होतो. मग दोन-तीन आठवडे बोटं उचलायचे व्यायाम करायचे. थोडा फरक पडतो, आणि नवी रचना हातात घेतली की पहिले पाढे पंचावन्न.

(पियानोत अंगठा म्हणजे १ आणि करंगळी म्हणजे ५, दोन्ही हातांना हाच क्रम. पुढे याच आकड्यांनी लिहिते आहे.)

या चक्रात मी बरीच वर्षं काढली. सुरुवातीला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की चौथं बोट कमजोर आहे, त्याला ताकद आण. मी मनापासून आणत राहिले. एकदा कोपराच्या खाली, हाताच्या वरच्या बाजूला असं दुखू लागलं की बाटलीचं झाकण फिरवता येईना. दीड महिना वाजवणं बंद ठेवावं लागलं. त्या रिकाम्या दिवसांत पहिल्यांदा हाताची रचना समजून घ्यायला बसले आणि लक्षात आलं की चौथं बोट कमजोर नाही, ते बांधलेलं आहे. बांधलेल्या बोटावर कमजोरीचा इलाज केला की शेजारची बोटं आणखी आवळतात, आणि त्रास परत येतो तो म्हणूनच.

दुखत असेल तर आधी हे

वाजवताना किंवा वाजवून झाल्यावर दुखत असेल, मुंग्या येत असतील, बोट बधिर होत असेल, रात्री हाताच्या कळेने जाग येत असेल, तर खालचं काहीही करून बघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. थकवा आणि दुखणं यांत फरक आहे. थकवा दहा-पंधरा मिनिटांच्या विश्रांतीने जातो. दुखणं दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा भेटतं. ‘थोडं दुखल्याशिवाय बोटं तयार होत नाहीत’ हे ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं त्यांचा हेतू चांगला होता, पण ते चूक होतं.

आणखी एक लक्षण वेगळं ओळखायला हवं. दुखत काहीच नाही, पण एखादं बोट फक्त पियानोवरच आपोआप आत वळतं, आणि जितका सराव करावा तितकं ते वाढतं. हा फोकल डिस्टोनिया असू शकतो. यात दोष बोटाचा नसतो, मेंदूतल्या हालचालीच्या नियंत्रणाचा असतो. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची ४ आणि ५ ही बोटं १९६० च्या दशकात अशीच आत वळू लागली. कित्येक वर्षं ते फक्त डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले. उपचारांनंतर १९९० च्या दशकात ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. असं काही जाणवलं तर सराव वाढवू नका, मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांना गाठा.

टेबलावर दोन मिनिटं

हे करून बघितल्याशिवाय पुढचं पटणार नाही. तळहात टेबलावर टेकवा. मधलं बोट दुमडून तळहाताखाली घ्या, बाकीची बोटं सरळ ठेवा. आता एकेक बोट उचला. अंगठा, तर्जनी, करंगळी सहज उचलली जातील. अनामिका जागची हलणार नाही, हललीच तर जेमतेम. जगातल्या उत्तमोत्तम पियानोवादकाचा हात टेबलावर ठेवला तरी साधारण हेच दिसेल.

कारण असं आहे. बोटं हलवणारा एकही स्नायू बोटात नसतो. काही छोटे स्नायू तळहातात असतात, मोठे सगळे कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात आणि तिथून लांब कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, बोटांपर्यंत येतात. बोटं सरळ करणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवरून जातात, आणि ३, ४, ५ या बोटांच्या कंडरा तिथे आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. तर्जनी आणि करंगळीला उचलण्यासाठी स्वतःचा एकेक जादा स्नायू असतो. अनामिकेला तो नाही. मधलं बोट खाली बांधून ठेवलं की अनामिकेची दोरीही खाली ओढली जाते.

खालच्या बाजूलाही तसंच. दुसऱ्या हाताने २, ३ आणि ५ ही बोटं सरळ धरून ठेवा आणि फक्त चौथं वाकवा. मधल्या पेराशी ते वाकेल, पण शेवटचं पेर लुळं राहील. शेवटची पेरं वाकवणारा खोल स्नायू ३, ४, ५ या बोटांसाठी बराचसा सामाईक आहे.

म्हणजे ‘प्रत्येक बोट पूर्ण स्वतंत्र’ असा हात कुणाचाच नसतो. तरीही लोक पियानोवर पाचही बोटांनी विलक्षण सफाईने वाजवतात, कारण पियानोला ते स्वातंत्र्य लागतच नाही. पियानोच्या पट्टीचं पुढचं टोक खाली जातं ते साधारण १० मिलिमीटर, आणि त्यासाठी टोकावर साधारण ५० ग्रॅम वजन पुरतं. एवढं वजन लहान मुलाच्या अनामिकेतही असतं. कमी पडत असते ती वेळेवर सैल होण्याची सवय, आणि तीही बहुतेक वेळा चौथ्या बोटाची नसते, त्याच्या शेजाऱ्यांची असते.

या एका गैरसमजाने किती हात खराब केले याचा इतिहास वाचवत नाही. १८१४ साली योहान बर्नहार्ड लोजिए यांनी कायरोप्लास्ट नावाचं यंत्र काढलं. मनगट आणि बोटं ठरावीक जागी धरून ठेवणारी ती चौकट होती. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान बोटांसाठी असंच एक साधन वापरत. १८३२ च्या सुमारास त्यांचा उजवा हात इतका बिघडला की वादक होण्याचा विचार त्यांना सोडावा लागला. बिघाडाचं नेमकं कारण काय यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर पियानोवादकांच्या हातातल्या त्या आडव्या पट्ट्या कापण्याच्या शस्त्रक्रियाही झाल्या.

त्याच शतकात पियानोवादक-संगीतकार शोपँ उलट सांगत होते. त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या टिपणांत त्यांनी लिहिलंय की प्रत्येक बोटाची घडण वेगळी आहे, तेव्हा सगळ्यांची ताकद एकसारखी करायच्या मागे लागू नये. प्रत्येकाच्या स्पर्शातलं वेगळेपण जपावं. विद्यार्थ्यांना ते ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी या पाच पट्ट्यांवर हात ठेवायला लावत. लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर, अंगठा आणि करंगळी पांढऱ्यांवर. सी मेजर ही नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांची स्केल वाचायला सोपी आणि हाताला सगळ्यांत अवघड, असं त्यांचं मत होतं. हात तिथे ठेवून बघा, बोटं आपली आपण पसरतात. खालचे सगळे प्रयोग याच जागेवर करा, सी मेजरवर नको.

ताण नेमका कुठून येतोय

शोध बोटापासून सुरू करू नका. वरून खाली या.

बसण्याची उंची आधी बघा. बोटं पट्ट्यांवर असताना कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर असावं. स्टूल खाली असेल तर मनगट लटकतं आणि बोटांना हाताचं वजनही उचलावं लागतं. फार पुढे सरकून बसलात तर कोपरं बरगड्यांना चिकटतात. स्टूलच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पाय जमिनीवर टेकलेले असू द्या. खांदे उचलले गेलेत का ते वाजवताना कळत नाही, म्हणून एक ओळ वाजवून लगेच श्वास सोडा. खांदे खाली आले तर ते वर होते.

आता अंगठा. माझ्या अनुभवात चौथ्या बोटाच्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथे निघतं, आणि तिथे कुणीच बघत नाही. २-३-४-५ एवढंच वाजवा आणि त्या वेळी १ काय करतंय ते बघा. तो तळहाताखाली दडलाय का? आकड्यासारखा वाकून कडक झालाय का? दुसऱ्या हाताने त्याला हलकेच हलवा. हलत नसेल तर गाठ तिथे आहे. अंगठ्याच्या बुडाशी असलेले स्नायू आवळले की सगळा तळहात मिटायला लागतो, आणि मिटणाऱ्या तळहातातून चौथं बोट मोकळं होणं शक्यच नाही. उपाय साधा आहे, पण चिकाटी लागते. अंगठ्याला काम नसेल तेव्हा तो आपल्या पट्टीच्या पृष्ठभागावर नुसता पडलेला असावा, झोपलेल्या माणसाच्या अंगठ्यासारखा. स्केलमध्ये त्याला खाली लवकर ओढून ठेवू नका. हात बाजूला सरकला की तो आपोआप पोचतो.

करंगळी वर उडत असेल तर मनगटाचा कोन तपासा. दोन्ही हात पियानोच्या मध्यावर, शरीरासमोर आले की कोपरं बाहेर जातात आणि पंजा करंगळीच्या दिशेला मुरडला जातो. मधलं बोट आणि कोपराखालचा हात जवळपास एका रेषेत हवेत. मुरड पडलेली असेल तर थोडं मागे सरका, पंजा हाताच्या रेषेतच राहू द्या. बोटं पट्ट्यांवर जराशी तिरपी पडली तर बिघडत नाही. आणि करंगळी ‘खाली दाबून ठेवायचा’ प्रयत्न अजिबात करू नका. तिला उचलणारा स्नायू आधीच ओढतोय, तुम्ही दाबणारा स्नायूही कामाला लावलात तर दोघांची रस्सीखेच सुरू होते. हात लाकडासारखा होतो तो या रस्सीखेचीनेच.

बोटांचा बाकही बघून टाका. बोटं आकड्यासारखी घट्ट वाकवून टेबलावर भरभर आपटा. मग अर्धवट सरळ, सैल बाक ठेवून तेच करा. दुसऱ्या वेळी वेग लगेच वाढतो. फार वाकवलेलं बोट उचलायचं म्हणजे वाकवणारे आणि उचलणारे स्नायू एकाच वेळी राबतात. हालचाल बोटाच्या बुडातून, म्हणजे पंजाच्या सांध्यातून हवी.

खरी दुरुस्ती: स्वर वाजल्यानंतर काय होतं

पियानोची यंत्रणा एकदा समजली की हात निम्मा सुधारतो, असं मी खात्रीने म्हणते. पट्टी तळाला पोचण्याच्या थोडं आधी हातोडी यंत्रणेपासून सुटते आणि उरलेलं अंतर मोकळी उडत जाऊन तारेवर आपटते. म्हणजे पट्टी तळाला लागेपर्यंत स्वराचं काय व्हायचं ते ठरलेलं असतं. त्यानंतर कितीही दाबा, स्वर मोठा होत नाही, गोड होत नाही. पट्टी खाली धरल्याने एवढंच होतं की तारेचा आवाज थांबवणारा डॅम्पर उचललेला राहतो, आणि त्यासाठी पट्टी खाली न्यायला लागलं त्याहूनही कमी वजन पुरतं.

आता हा प्रयोग. तिसऱ्या बोटाने एक स्वर वाजवा आणि पट्टी धरून ठेवा. दाब हळूहळू कमी करत जा. अगदी कमी. एका क्षणी पट्टी वर यायला लागेल. तिथून केसभर मागे या. एवढंच वजन लागतं. या स्थितीत दुसऱ्या हाताने मनगट वर-खाली डोलवून बघा, ते पाण्यावरच्या होडीसारखं डोललं पाहिजे. मग हेच चौथ्या बोटावर करा, मग पाचव्यावर. बहुतेकांना पहिल्या दिवशी धक्का बसतो, कारण ते लागतं त्याच्या अनेक पट दाबत असतात आणि त्यांना त्याचा पत्ताच नसतो.

तिसरं बोट दाबून धरलेलं असताना चौथं उचलायला गेलात तर टेबलावरच्या परीक्षेतली परिस्थिती तुम्हीच तयार केलीत. तिसरं सैल झालं की चौथं मोकळं. म्हणून ३-४ चा सराव करताना लक्ष चौथ्यावर ठेवू नका. तिसऱ्याचा स्वर वाजला, तिसरं सैल झालं, आणि त्या सैलपणात चौथं पडलं. पडलं, म्हणजे आपटलं नाही. उचलायचंही नाही, पट्टी स्वतःच बोटाला वर आणते.

चौथ्या बोटाची वेळ आली की हातही त्याच्या मागे यावा. कोपराखालचा हात किंचित बाजूला सरकतो आणि किंचित फिरतो, कुलुपात किल्ली फिरवावी तसा, पण डोळ्याला जेमतेम दिसेल इतकाच. ३-४-५ अशी चढती ओळ असेल तर वजन करंगळीकडे कलत जातं, उतरती असेल तर अंगठ्याकडे. हात स्थिर ठेवून फक्त बोटांनी वाजवण्याचा हट्ट धरला की ५ वर पोचेपर्यंत हात मागेच राहतो आणि बोटाला एकट्याने ताणून पोचावं लागतं. काळ्या पट्टीवर ४ येत असेल तर सगळा हात पट्ट्यांच्या आत, झाकणाच्या दिशेने थोडा सरकू द्या. मात्र पांढरी पट्टी आतल्या बाजूला दाबायला जास्त जोर लागतो, तेव्हा काम झालं की परत बाहेर या.

वेग वाढवला की परत का बिघडतं

कारण संथ सराव आणि वेगवान वादन या दोन वेगळ्या हालचाली होऊन बसतात. संथ लयीत भरपूर वेळ असतो, म्हणून आपण बोट उंच उचलतो, आपटतो, दाबतो. तो सगळा पसारा वेगात मावत नाही. संथ वाजवतानाही हालचाल वेगात असेल तेवढीच छोटी ठेवा. बोटं पट्ट्यांना स्पर्श करून असू द्या.

मेट्रोनोम दोन-दोनने वर नेण्याची पद्धत मी या त्रासासाठी सोडून दिली आहे. त्यात ताणही दोन-दोनने वाढतो आणि कळत नाही. त्याऐवजी असं करा: फक्त दोन स्वर, ३-४, हव्या त्या अंतिम वेगात. लगेच थांबा, हात मांडीवर टाका. पुन्हा. दोन स्वर सैल हाताने निघाले की तीन, ३-४-५. मग चार. पुढचा स्वर जोडल्यावर हात आवळला तर एक स्वर मागे या. थांबण्याची जागा महत्त्वाची आहे, कारण तिथेच हात रिकामा होतो. आठ स्वरांची ओळ अशी जोडायला मला कधी चार दिवस लागतात, कधी दहा. पण जोडलेली ओळ नंतर टिकते.

बोटक्रमही बदलून बघा. ४-५ चा ट्रिल (शेजारचे दोन स्वर भरभर आलटून-पालटून) दोन आठवड्यांत नीट होत नसेल तर ३-५ किंवा २-४ घेऊन बघण्यात कमीपणा काहीच नाही. संपादकाने छापलेला बोटक्रम त्याच्या हाताला सोयीचा असतो, तुमच्या हाताला असेलच असं नाही.

काय टाळावं

बोटांमध्ये अडकवायचे रबर, स्प्रिंगची बटणं दाबायची साधनं, अनामिका ओढून ताणणं: काहीही नको. चार पट्ट्या दाबून धरायच्या आणि एकच बोट उंच उचलत राहायचं, हा जुना व्यायाम मी कुणालाही देत नाही. अगदी सैल हाताने, अर्धा मिनिट, बोट न उचलता तो करणारे शिक्षक आहेत आणि त्यांचे विद्यार्थी ठीक असतात. पण एकट्याने घरी करणारा माणूस तो दाबूनच करतो. अनों यांच्या १८७३ च्या व्यायामसंग्रहाबद्दलही तेच. त्यातले स्वर निरुपद्रवी आहेत, बोटं उंच उचलण्याची सूचना तेवढी बाजूला ठेवा.

हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवरून पियानोवर आलेल्यांनी पहिले काही आठवडे वेळ कमी ठेवावा. तिथे बोटाची फुंकर पुरते, इथे हाताचं वजन वापरायला शिकावं लागतं, आणि ते येईपर्यंत बोटं जोर लावत राहतात.

रोज किती आणि कसं

सुरुवातीला दहा मिनिटं, डोकं ताजं असताना. सरावाच्या शेवटी नाही, कारण थकलेला हात सैल होणं शिकत नाही. बाकीच्या सरावात दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठा. डावा हात विसरू नका; साथीतली ५-३-१ ही चाल तासन्‌तास वाजवूनही तिच्याकडे कुणी बघत नाही आणि तिथे करंगळी मुकाट्याने ताठ होत असते.

आठवड्यातून एकदा फोन बाजूला, पट्ट्यांच्या उंचीवर ठेवून एक मिनिटाचं चित्रण करा. आवाज बंद करून बघा. काम नसलेला अंगठा, मनगटाची रेषा आणि स्वर वाजून गेल्यावरची बोटं, एवढंच पाहायचं. कान चुका माफ करतात, चित्र करत नाही.

साध्या ताणातून आलेला त्रास असेल तर दोन-तीन आठवड्यांत कोपराखालचा कडकपणा कमी झालेला जाणवायला हवा. स्वर एकसारखे व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. सहा आठवड्यांत काहीच हललं नाही तर हात बघू शकेल अशा शिक्षकासमोर बसा. लिहून सांगण्याची मर्यादा तिथे संपते.

आणि नव्या रचनेत त्रास परत आला, तो येतोच, तर बोटांच्या व्यायामांकडे वळू नका. ज्या मात्रेत हात आवळतो ती मात्रा शोधा. मग तिच्या आधीच्या मात्रेत अंगठा काय करत होता ते बघा.